पिकलबॉल

जाळीच्या दोन्ही बाजूंस उभे राहून सपाट, बिनतारी पॅडलने सच्छिद्र प्लॅस्टिकचा चेंडू मारून खेळावयाचा एक खेळ. टेनिस, बॅडमिंटन व टेबल टेनिस या तीन खेळांची वैशिष्ट्ये त्यात एकत्र आली आहेत. तो बंदिस्त सभागृहात तसेच उघड्यावर, एकेरी व दुहेरी अशा दोन्ही प्रकारे खेळतात. हौशी खेळाडूंत दुहेरी प्रकार विशेष रूढ आहे. क्रीडांगण लहान, चेंडू मंदगती आणि सर्व्हिस खालून करावयाची असल्याने नवशिक्यास थोड्याच वेळात खेळात भाग घेता येतो आणि एकाच क्रीडांगणावर आजोबा व नातू जोडीने खेळू शकतात. खेळाचे नियमही ताकद व वेग यांचे वर्चस्व कमी करणारे आहेत. हौशी खेळाडूंच्या बहुतेक शंका याच नियमांसंबंधी असतात आणि ते शिथिल केल्यास त्याचा तोटा प्रथम वयस्कर व दुबळ्या खेळाडूंस सोसावा लागतो.

इतिहास : अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या बेनब्रिज बेटावर १९६५ च्या उन्हाळ्यात जोएल प्रिचर्ड व बिल बेल यांनी घरातील मंडळींच्या करमणुकीसाठी हा खेळ सुरू केला. प्रिचर्ड यांच्या आवारात बॅडमिंटनचे जुने क्रीडांगण होते. पण पुरेशी साधने न मिळाल्याने टेबल टेनिसच्या बॅटी व प्लॅस्टिकचा सच्छिद्र चेंडू घेऊन खेळ मांडण्यात आला. चेंडू जमिनीवर चांगला उसळतो असे दिसून आल्यावर बॅडमिंटनच्या उंचीची जाळी खाली आणण्यात आली. पुढे बार्नी मॅकॅलम यांच्या साहाय्याने नियम व लाकडी पॅडल तयार झाले. खेळाच्या नावाविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार, निरनिराळ्या नावांतून उरलेले वल्हेकरी घेऊन शर्यतीत उतरणाऱ्या ‘पिकल बोट’ वरून ते आले. दुसऱ्या मतानुसार, ते प्रिचर्ड कुटुंबाच्या ‘पिकल्स’ नावाच्या कुत्र्यावरून पडले. १९८४ साली अमेरिकेत या खेळाची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. २०२२ साली वॉशिंग्टन राज्याने त्यास अधिकृत राज्यक्रीडेचा दर्जा दिला.

भारतात या खेळाचा आरंभ महाराष्ट्रात झाला. कॅनडात हा खेळ पाहून आलेले मुंबईचे सुनील वालावलकर यांच्या पुढाकाराने २००८ साली अखिल भारतीय पिकलबॉल संघटना स्थापन झाली. २०२० नंतर मुंबई, पुणे इ. शहरांत त्याचा झपाट्याने प्रसार झाला. २०२५ च्या आरंभी मुंबईतील क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या आवारात व्यावसायिक खेळाडूंची संघवार स्पर्धा भरली. त्याच वर्षी केंद्र शासनाच्या युवक कार्य व क्रीडा मंत्रालयाने इंडियन पिकलबॉल असोसिएशन या संस्थेस राष्ट्रीय क्रीडा संघटना म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्राशी या खेळाचा आणखी एक दूरचा संबंध आहे. बॅडमिंटनच्या नियमांना एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या लष्करी छावणीत आकार आला आणि त्याच खेळाच्या दुहेरी क्रीडांगणाचे माप पिकलबॉलने घेतले. [⟶ बॅडमिंटन].

क्रीडांगण व साधने : क्रीडांगण १३.४१ मी. लांब व ६.१० मी. रुंद असते. एकेरी व दुहेरी खेळास हेच माप लागू आहे. जाळीची उंची कडेला ९१.४ सेंमी. व मध्यभागी ८६.४ सेंमी. असते. जाळीच्या दोन्ही बाजूंस २.१३ मी.पर्यंतच्या पट्ट्यास व्हॉलीबंदी क्षेत्र म्हणतात. बोलीभाषेत त्यास ‘किचन’ हे नाव रूढ आहे. त्यामागील भाग मध्यरेषेने विभागून प्रत्येक बाजूस ४.५७ × ३.०५ मी.चे दोन सर्व्हिस-चौक पाडलेले असतात. चेंडूचा व्यास ७.३० ते ७.५५ सेंमी., वजन २२.१ ते २६.५ ग्रॅ. व छिद्रे २६ ते ४० असतात. उघड्यावरील खेळासाठी सामान्यतः लहान व अधिक छिद्रांचा, तर सभागृहासाठी मोठ्या व कमी छिद्रांचा चेंडू वापरतात. पॅडलची लांबी ४३.१८ सेंमी.हून अधिक नसावी, तसेच लांबी व रुंदी यांची बेरीज ६०.९६ सेंमी.पेक्षा जास्त होऊ नये. वजनावर बंधन नाही. तथापि फार जड पॅडलने कोपरावर व मनगटावर ताण येतो.

बॅडमिंटनच्या क्रीडांगणावर हा खेळ मांडताना एक चूक नेहमी घडते. बॅडमिंटनची आखूड सर्व्हिस-रेषा जाळीपासून १.९८ मी. अंतरावर असते, तीच व्हॉलीबंदीची रेषा समजून खेळल्यास बंदीचे क्षेत्र १५ सेंमी.ने अरुंद होते व जाळीजवळ उभ्या असलेल्या उंच खेळाडूस अवास्तव लाभ मिळतो. यासाठी त्या रेषेच्या मागे १५ सेंमी.वर रंगीत चिकटपट्टीची निराळी रेषा आखणे इष्ट ठरते.

खेळाची पद्धती : सर्व्हिस पायारेषेच्या मागून, तिरप्या दिशेच्या समोरील चौकात करतात. चेंडू हवेत असताना मारावयाचा झाल्यास हात खालून वर जावा लागतो, फटका कमरेच्या खाली बसावा लागतो आणि पॅडलचे डोके मनगटाच्या वर असता कामा नये. चेंडू हातातून नुसता सोडून, टप्पा पडल्यावर मारल्यास ही तीन बंधने लागू होत नाहीत. हात थरथरणाऱ्या वा खांदा दुखणाऱ्या खेळाडूस ही पद्धत सोयीची असते. जाळीस लागून योग्य चौकात पडलेली सर्व्हिस २०२१ पासून ग्राह्य धरली जाते. सर्व्हिस व तिची परतफेड या दोन्ही फटक्यांनंतर चेंडूचा एकेक टप्पा पडू द्यावा लागतो. त्यानंतरच टप्प्याविना फटका म्हणजे व्हॉली मारता येते. प्रचलित पद्धतीत सर्व्हिस करणाऱ्या पक्षासच गुण मिळतो. डाव ११ गुणांचा असून विजयास किमान दोन गुणांची आघाडी लागते.

हौशी खेळाडूंच्या शंका : (१) गुणांची घोषणा. दुहेरीत सर्व्हिसपूर्वी तीन अंक उच्चारतात : प्रथम सर्व्हिस करणाऱ्या पक्षाचे गुण, मग प्रतिपक्षाचे गुण आणि शेवटी आपण पहिले की दुसरे सर्व्हिसकर्ते आहोत तो अंक. प्रत्येक पाळीत दोन्ही जोडीदारांस सर्व्हिस मिळते. मात्र डावाच्या आरंभी सुरुवातीचा लाभ मर्यादित राहावा म्हणून पहिल्या पक्षास एकच सर्व्हिसकर्ता मिळतो. म्हणूनच डाव ‘शून्य-शून्य-दोन’ असे म्हणून सुरू होतो. सर्व्हिस करणारे जोडीदार गुण मिळाल्यावरच आपापसांत बाजू बदलतात. प्रतिपक्ष बदलत नाही. कोण कोठे उभा असावा याविषयी गोंधळ झाल्यास एक खूण पुरते : पक्षाचे गुण सम असताना डावाच्या आरंभी उजवीकडे असलेला खेळाडू उजवीकडेच असला पाहिजे.

(२) व्हॉलीबंदी क्षेत्र. त्या क्षेत्रात पाय ठेवताच येत नाही, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. खेळाडू तेथे केव्हाही जाऊ शकतो व टप्पा पडलेला चेंडू मारू शकतो. मनाई आहे ती केवळ त्या क्षेत्रात वा त्याच्या रेषेवर पाय असताना व्हॉली मारण्यास. व्हॉली मारल्यानंतर तोल जाऊन पाय आत पडला, तरीही तो दोष होतो. मग चेंडू तोवर मृत झाला असला, तरी फरक पडत नाही. आत गेलेल्या खेळाडूने पुन्हा व्हॉली मारण्यापूर्वी दोन्ही पाय बाहेर टेकविले पाहिजेत. हा नियम नसता, तर उंच व चपळ खेळाडूने जाळीस खेटून प्रत्येक चेंडू खाली आपटला असता आणि इतरांस खेळात काही उरले नसते.

(३) रेषेचा निर्णय. हौशी खेळात पंच नसतो. प्रत्येक पक्ष आपल्या बाजूस पडलेल्या चेंडूचा निर्णय देतो. रेषेस लागलेला चेंडू आत समजतात; अपवाद सर्व्हिसचा, ती व्हॉलीबंदीच्या रेषेवर पडल्यास बाद होते. हा कठीण चेंडू टेनिसच्या चेंडूप्रमाणे दबत नाही, त्यामुळे जमिनीस लागलेला बिंदूच विचारात घेतात. चेंडूची कड रेषेवर झुकलेली दिसणे पुरेसे नाही. चेंडू स्पष्ट दिसला नाही किंवा दोन जोडीदारांची मते भिन्न झाली, तर शंकेचा फायदा प्रतिपक्षास द्यावा लागतो. प्रेक्षकांचे मत विचारता येत नाही. पायाच्या दोषाबद्दल दोन्ही पक्षांत मतभेद झाल्यास ती खेळी पुन्हा खेळतात.

खेळातील अडचणी : नवशिक्याचा कल प्रत्येक चेंडू जोराने मारण्याकडे असतो. दोन टप्प्यांच्या नियमामुळे सर्व्हिस करणारा पक्ष मागे अडकून पडतो व प्रतिपक्ष आधीच जाळीपाशी येतो. अशा वेळी जोरदार फटका त्याच्या पॅडलवर आयताच जातो. म्हणून तिसरा फटका मंद व कमानदार मारून चेंडू व्हॉलीबंदी क्षेत्रात उतरविणे आणि त्या अवधीत पुढे सरकणे, हे या खेळाचे मुख्य कौशल्य होय. त्यानंतर दोन्ही पक्ष जाळीवरून अलगद फटक्यांची देवघेव करीत प्रतिपक्षाचा चेंडू उंच येण्याची वाट पाहतात. या हलक्या फटक्यास ‘डिंक’ म्हणतात. तो साधण्यास पॅडलवरील पकड सैल असावी व हालचाल मनगटाऐवजी खांद्यातून व्हावी. चेंडू टेनिसच्या चेंडूपेक्षा कमी उसळतो : १९८ सेंमी. उंचीवरून कठीण पृष्ठावर सोडल्यास तो ७६ ते ८६ सेंमी. वर येतो. त्यामुळे कंबरेत न वाकता गुडघे वाकवून चेंडूखाली जाण्याची सवय करावी लागते.

निरनिराळ्या कुवतीचे खेळाडू एकत्र आल्यावर दुबळ्या जोडीदाराकडेच सारे चेंडू मारणे वा सबळ जोडीदाराने दुसऱ्याचे चेंडू हिसकावणे असे प्रकार घडतात. स्पर्धेत ते नियमबाह्य नाहीत. पण रोजच्या मंडळात त्यांमुळे नवे व वयस्कर खेळाडू हळूहळू येईनासे होतात. बाहेर थांबलेल्यांनी आपली पॅडले ओळीने ठेवावी व त्या क्रमाने चौघांनी खेळावे, प्रत्येक डावानंतर जोड्या बदलाव्या आणि नवशिक्यांसाठी ठराविक वेळ राखावी, अशी व्यवस्था बहुतेक मंडळांत उपयुक्त ठरली आहे. कठीण पॅडलवर चेंडू आपटल्याचा तीव्र आवाज शेजाऱ्यांस त्रासदायक होतो. गृहनिर्माण संस्थांच्या आवारात क्रीडांगणाची जागा व वेळ ठरविताना हे ध्यानात घ्यावे लागते.

दुखापती व दक्षता : खेळ सोपा असल्याने तो निर्धोकही आहे, अशी समजूत होते, ती बरोबर नाही. अमेरिकेतील रुग्णालयांच्या नोंदींवरून असे आढळले आहे, की या खेळात जखमी होऊन आलेल्यांत पन्नाशीपुढील व्यक्तींचे प्रमाण मोठे असते. स्नायू ताणणे, सांधा मुरगळणे व अस्थिभंग या प्रमुख दुखापती असून पडणे हे त्यांचे महत्त्वाचे कारण आहे. वयस्कर स्त्रियांत मनगटाचा अस्थिभंग विशेष आढळतो. डोक्यावरून गेलेल्या उंच चेंडूसाठी पाठमोरे मागे धावणे सर्वांत धोक्याचे. अशा वेळी अंग वळवून पळावे, चेंडू जोडीदारास सोडावा किंवा गुण जाऊ द्यावा. धावण्याच्या बुटांऐवजी आडव्या हालचालीस आधार देणारे, क्रीडांगणासाठीचे बूट वापरावे. खेळापूर्वी पोटऱ्या, टाचेची कंडरा, खांदे व मनगटे सैल करून घ्यावी. जाळीजवळच्या जलद फटक्यांत डोळ्यास इजा होऊ शकते. साधा चष्मा संरक्षण देत नाही, त्यासाठी पॉलिकार्बोनेटचा संरक्षक चष्मा लागतो. हृदयविकार वा रक्तदाब असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्यानेच खेळास आरंभ करावा.

स्थानिक परिस्थिती : महानगरांतील सभागृहांतून हा खेळ जिल्ह्यांच्या ठिकाणी नेताना हवामान व जमीन यांचा विचार अपरिहार्य ठरतो. मराठवाड्यातील परभणी जिल्हा हे त्याचे ठळक उदाहरण होय. तेथे मे महिन्यात दुपारचे तापमान ४०° से.च्या वर राहते. त्यामुळे उन्हाळ्यात उघड्यावरील खेळ पहाट व सायंकाळ यांपुरताच मर्यादित करावा लागतो. नेमका याच वेळी सूर्य क्षितिजालगत असतो. म्हणून क्रीडांगणाची लांबी दक्षिणोत्तर ठेवणे आवश्यक आहे, अन्यथा एका पक्षाच्या डोळ्यांवर सतत ऊन येते. खेळताना चक्कर, मळमळ, पायात गोळे अथवा बोलण्यात असंबद्धता जाणवल्यास खेळ तत्काळ थांबवून सावलीत जावे, अंग ओल्या कापडाने पुसावे व वैद्यकीय मदत घ्यावी. ही उष्माघाताची लक्षणे असू शकतात. उष्णतेने चेंडू मऊ पडतो, तर हिवाळ्यातील थंड सकाळी तो कडक होऊन तडकतो. तडकलेल्या चेंडूची दिशा बिघडत असल्याने तो बदलावा.

जिल्ह्यातील काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट काँक्रीटचा थर घातल्यास तो थोड्याच काळात तडकतो. भेगेवर चेंडू वेडावाकडा उसळतो आणि पाय अडखळतो. यासाठी काळी माती पुरेशी खोल काढून कठीण मुरुमाची भर दाबून घालणे, पाण्याचा निचरा करणे व पृष्ठभागास शेकडा एक उतार देणे हितावह असते. केवळ रेषांपुरती फरशी न करता चोहोबाजूंस मोकळी जागा सोडून सु. १८.२९ × ९.१४ मी. क्षेत्र सपाट करावे लागते. ओल्या पृष्ठभागावर मात्र खेळू नये. जेथे असा खर्च शक्य नाही, तेथे शाळा-महाविद्यालयांच्या सभागृहातील बॅडमिंटनचे क्रीडांगण योग्य रेषा आखून व जाळी खाली आणून वापरणे, हाच सर्वांत सुलभ व सुरक्षित मार्ग होय. [⟶ टेनिस, टेबल टेनिस].