जॅकवर उचललेलं घर दुसऱ्या प्लॉटवर का जात नाही?

अंबरनाथ पूर्वेला रस्त्यांवर थरावर थर चढले आणि कानसई, वडवलीकडची कित्येक जुनी बैठी घरं रस्त्याच्या पातळीखाली गेली. पावसाळ्यात गटाराचं पाणी उंबरा ओलांडून आत येतं. मग कोणीतरी जॅकवर घर उचलल्याचा व्हिडिओ दाखवतो आणि हमखास तेच वाक्य येतं: ‘एवढं उचलता येतं, तर उचलून बदलापूरच्या प्लॉटवरच नेऊन ठेवू.’ हा समज काही केल्या जात नाही, कारण त्यामागे एक जुनी चूक आहे. घर पायासकट वर येतं, असं लोक धरून चालतात. तसं होत नाही. जोत्यालगत भिंत थोडी थोडी फोडून त्या खाचेत जॅक बसवतात, भिंतीखालून लोखंडी चॅनेल घालतात आणि घर जुन्या पायापासून सोडवतात. प्रत्येक जॅकपाशी माणूस उकिडवा बसलेला असतो. मुकादमाने आवाज दिला की सगळे एकाच वेळी दांडा सारखाच फिरवतात. वीटबांधकाम दाब सोसतं, ताण सोसत नाही. एक कोपरा जरा पुढे गेला, तरी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका तडा जातो. हवी ती उंची मिळाली की मधली जागा विटांनी भरतात आणि जॅक एकेक करून काढतात. जुना पाया जागच्या जागीच राहतो. म्हणजे नव्या प्लॉटवर नवा पाया आलाच.

‘पण पंजाबात नेलं की!’ हो. 2022 मध्ये संगरूर जिल्ह्यात एक्स्प्रेसवेच्या आड आलेलं दुमजली घर चाकांवर मागे सरकवायला घेतलं होतं. पण ते अंतर सुमारे 500 फुटांचं होतं, तेही स्वतःच्याच मोकळ्या शेतात. अमेरिकेत इंडियानापोलिसला 1930 मध्ये टेलिफोन कंपनीची आठ मजली इमारत कर्मचारी आत काम करत असताना सरकवून काटकोनात फिरवली, तीही त्याच जागेत. आपल्याकडे विटांच्या घराला रुंदीइतका मोकळा रस्ता हवा, वर विजेच्या तारा नकोत, वळण नको, चढ नको. अंबरनाथच्या गल्ल्यांत हे कुठून आणणार? लांब न्यायचं तर एकच रीत आहे, ती म्हणजे सुटं करून नेणं. गोव्यात साळावली धरणासाठी कुर्डीचं महादेव मंदिर असंच हलवलं. दगडांवर क्रमांक घालून ते सुमारे 17 किलोमीटरवर पुन्हा उभं केलं. कोकणातलं खांब-तुळयांचं, कौलारू घरही असं उतरवून पुन्हा चढवता येतं, कारण त्याचे सांधे उघडतात. सिमेंटमध्ये बांधलेली वीट तशी सुटत नाही.

बाकीचे समज थोडक्यात. ‘उचललेलं घर कमकुवत होतं’ हे सरसकट खरं नाही. शिकागोत 1858 मध्ये 750 टनांची चार मजली विटांची इमारत दोनशे जॅकांवर सहा फुटांहून जास्त उचलली आणि तिला धक्का लागला नाही. पण मूळ घर धड असलं पाहिजे. मे 2021 मध्ये उल्हासनगरात स्लॅब कोसळून माणसं गेली. ज्या घराच्या सळ्या गंजल्या आहेत, त्याखाली जॅक लावण्याआधी संरचना अभियंत्याकडून तपासणी हवीच. कंत्राटदाराची तोंडी हमी तिथे चालत नाही. ‘घर माझं, मग परवानगी कसली?’ नगरपरिषदेला विचारल्याशिवाय हात लावू नका, पुढे विक्रीच्या कागदांत ते आडवं येतं.

आणि ‘तीन फूट उचललं की पुराची चिंता मिटली’ हा समज सगळ्यांत घातक आहे. तुंबलेलं गटार वेगळं आणि नदीचा पूर वेगळा. 26 जुलै 2005 ला आणि पुन्हा जुलै 2019 मध्ये उल्हास नदी पात्राबाहेर आली. 2019 ला बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकून हजारभर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. घर जॅकवर चढवलं तरी प्लॉट निळ्या पूररेषेच्या आतच राहतो. वालधुनीकाठी किंवा उल्हासकाठी जुनं घर असलेल्याने आधी पूररेषेचा नकाशा पाहावा, मग जॅकवाल्याकडे दर विचारावा.