गरी, भरती आणि एक गोबरा

मित्रांनो, मासे पकडायला काय लागतं? गळ, दोरी आणि रिकामा रविवार. निदान होळीच्या सुट्टीत देवबागला जाईपर्यंत माझं तरी हेच प्रामाणिक मत होतं. मी लातूरकडचा. आमच्याकडे पाणी म्हणजे टँकर, आणि मासा म्हणजे शुक्रवारी मेसमध्ये येतो तो, ज्याची जात आजवर कुणालाच ओळखता आलेली नाही! त्यामुळे रूम पार्टनर म्हणाला, "चला रे आमच्याकडे, काकांच्या होडीतून गरवायला जाऊ," तेव्हा सबमिशन, व्हायवा सगळं विसरून आम्ही चौघे एस.टी.त बसलो.

देवबाग म्हणजे तारकर्लीच्या पुढची जमिनीची एक चिंचोळी पट्टी. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र आणि टोकाला दोघांचा संगम. आम्ही पोचलो दुपारी अडीचला. पिशव्या टाकल्या आणि थेट काकांसमोर उभे राहिलो. "काका, निघायचं ना?"

काकांनी पाण्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "आज नाय. सुकती लागली. उद्या आठाक."

आमची तोंडं पडली. समुद्र समोर, होडी समोर, आणि हे म्हणतात उद्या! त्या संध्याकाळी अंगणात बसून काकांनी जे समजावलं ते आम्ही घेतलेल्या कुठल्याही ट्यूशनपेक्षा भारी होतं. म्हणून ते आधी सांगतो.

भरतीची वेळ काढायला कोकणात एक सोपा हिशोब आहे. पंचांगातली तिथी घ्या आणि तिला पाऊणने गुणा. जे उत्तर येईल ती पूर्ण भरतीची साधारण वेळ. आम्ही गेलो तो दिवस वद्य द्वितीयेचा. दोन गुणिले पाऊण म्हणजे दीड. म्हणजे दुपारी दीडला पूर्ण भरती होऊन गेली होती आणि पाणी उतरायला लागलं होतं. यालाच सुकती म्हणतात. साधारण सव्वासहा तास ती चालते.

आता इंजिनिअर म्हटल्यावर खोड काढायलाच हवी. मी वहीवर मांडून पाहिलं. चंद्राच्या एका फेऱ्यात, म्हणजे ३० तिथींत, भरती २४ तासांनी मागे सरकते. म्हणजे दर तिथीला ४८ मिनिटं. पाऊण तास म्हणजे ४५. पौर्णिमेपर्यंत पाऊण तासाची चूक साचते! मी विजयी मुद्रेने काकांना हे सांगितलं. ते म्हणाले, "पाऊण तास आधी पोचलंस म्हणून काय बुडाक नाय." अंदाज चुकायचाच असेल तर तो सुरक्षित बाजूला चुकावा, हे फॅक्टर ऑफ सेफ्टीचं तत्त्व त्यांना कुणी शिकवलं असेल?

पण मग दुपारी न जाण्याचं कारण काय? कारण दोन. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक मोठा. (अष्टमीच्या आसपास तो कमी, त्याला भांग म्हणतात.) उधाणाच्या सुकतीला खाडीचं सगळं पाणी संगमाच्या अरुंद तोंडातून जोरात बाहेर पडतं. दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, तो नेमका उलट दिशेने. प्रवाह बाहेर, वारा आत. मग तोंडाशी लाटा उभ्या राहतात आणि छोटी होडी तिथे खेळण्यासारखी होते. किनाऱ्यावरून मात्र सगळं शांत दिसतं. हीच तर गंमत, आणि हाच धोका.

१५ एप्रिल २०१७ रोजी इथून जवळच, मालवणच्या वायरी किनाऱ्यावर, बेळगावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या सहलीतले आठ जण बुडाले. तुमच्या-माझ्यासारखेच. काकांनी ही गोष्ट फार आवाज न चढवता सांगितली आणि मग एकच वाक्य म्हणाले, "पाणी बगूक शिका, मगे मासे." त्यानंतर लाइफ जॅकेट घालताना आमच्यापैकी एकानेही "गरम होतंय" म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी तृतीया. तीन गुणिले पाऊण म्हणजे सव्वादोनला भरती, तर ओहोटी आठच्या सुमारास. आठला निघालो, पाणी पालटलं होतं आणि वारा अजून झोपलेला. भरतीचं पाणी चढू लागलं की मासा खायला बाहेर पडतो, हे गरवण्यातलं पहिलं सूत्र. चढत्या पाण्याबरोबर कोळंबी, खेकड्यांची पिल्लं, लहान मासळी वाहत येते आणि मोठा मासा खडपाच्या आडोशाला तोंड करून उभा राहतो. मेसच्या दारात आपण उभे राहतो तसाच. पाणी थांबलं की त्याचंही खाणं थांबतं.

साधनं अगदी साधी. रीळ नाही, काठी नाही. बाटलीला गुंडाळलेला तंगूस, म्हणजे नायलॉनचा एकेरी धागा. टोकाला शिसं, त्याच्या वर थोड्या अंतराने दोन गरी आणि गरीला सुंगटाचा तुकडा. शिसं तळाला टेकलं की हातभर वर ओढायचं आणि धागा तर्जनीवर ठेवायचा. तेवढा एक सेन्सर पुरतो. टुकटुक लागलं तर लहान मासा आमिष कुरतडतोय, तेव्हा गप्प बसायचं. एकदम ओढ बसली की मगच झटका. आम्ही अर्थातच टुकटुकीलाच झटके देत होतो आणि समुद्राला फुकट नाश्ता घालत होतो.

पहिला मासा मिळाला मित्राला. शिंगाळा. मिशावाला, चिकट. मित्राने आनंदाने मुठीत धरला आणि पुढच्या क्षणी ओरडला! शिंगाळ्याच्या पाठीवर एक आणि बाजूंना दोन असे काटे असतात आणि ते विषारी असतात. काकांनी काटा आत मोडलेला नाही ना ते पाहिलं, थर्मासमधलं गरम पाणी डब्यात ओतून सोसवेल इतपत निववलं आणि हात त्यात बुडवून ठेवायला लावला. अर्ध्या तासात ठणका उतरला. असल्या माशांचं विष प्रथिनांचं असतं, उष्णतेने त्याचा जोर मोडतो. (तरीही सूज वाढली किंवा काटा आत राहिला तर डॉक्टर गाठायचाच.) याच शिंगाळ्याचा नर अंडी आणि पिल्लं आठवडेच्या आठवडे तोंडात सांभाळतो आणि तेवढे दिवस जवळपास उपाशी राहतो, हे कळल्यावर मित्राचा राग बराच निवळला. मग आला केंड, फुग्यासारखा टम्म फुगणारा. दिसायला गोंडस, पण याच्या यकृतात आणि अंड्यांत टेट्रोडोटॉक्सिन असतं आणि ते शिजवूनही जात नाही. तो लगेच पाण्यात.

आणि मग माझ्या बोटावर ओढ बसली.

दहा वाव पाणी होतं. एक वाव म्हणजे साधारण सहा फूट, तेव्हा अठरा मीटर. मी हाताला चरे पडेपर्यंत धागा ओढला. वर आला गोबरा. तपकिरी, ठिपक्यांचा, जाड ओठांचा, माझ्या वीतभर लांबीचा. आयुष्यातला पहिला मासा! काका म्हणाले, "तेका सोड. बारको आसा." मी म्हटलं, "हो काका, एकच फोटो." एकाचे पाच झाले. प्रत्येकाला हातात घेऊन हवा होता. चार-पाच मिनिटं गेली असतील. मग मी त्याला मोठ्या दिलदारपणे पाण्यात सोडला.

तो खाली गेलाच नाही. पोट वर करून तरंगत राहिला, शेपटी दोनदा हलवली. एक घार खाली आली आणि त्याला घेऊन गेली. होडीत कुणी काही बोललं नाही. काकाही नाही. तेच जास्त लागलं.

कारण मला नंतर कळलं, आणि ते पहिल्या वर्षाच्याच पुस्तकात होतं. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते, तिच्यामुळे तो हव्या त्या खोलीवर स्थिर राहतो. गोबऱ्याची ही पिशवी बंद असते, हवा पटकन बाहेर सोडायला तिला वाट नाही. दर दहा मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो. अठरा मीटरवर झाला २.८. त्याला वर ओढलं की बॉइलच्या नियमाने तीच हवा २.८ पट जागा मागते. पोट फुगतं, आतडी दाबली जातात आणि तो स्वतःहून खाली जाऊ शकत नाही. परीक्षेत या नियमाचे मार्क मी पूर्ण घेतले होते!

दुसरी गोष्ट त्याहून अजब. गोबऱ्याच्या अनेक जातींत मासा आधी मादी असतो आणि वय-आकार वाढल्यावर त्यातले काही नर होतात. म्हणजे वीतभर गोबरा मारला तर जिने अजून एकदाही अंडी घातली नसतील अशी मादी गेली, आणि सगळे मोठे मारले तर नरच उरत नाहीत. लहान मासा सोडणं ही नुसती दया नाही, तो पुढच्या वर्षाचा हिशोब आहे. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने ५४ जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली, ती याच कारणासाठी.

मग करायचं काय? काकांचे नियम असे: सोडायचाच असेल तर मासा पाण्याबाहेर काढूच नका, होडीच्या कडेला पाण्यातच गरी सोडवा. हात ओले ठेवा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो. लहानच मासे लागायला लागले तर जागा बदला, उथळ पाण्यात या. फुगलेला मासा उलट्या गरीला अडकवून शिशाच्या वजनाने पुन्हा तळापर्यंत पोचवता येतो. नंतर लागलेला एक छोटा गोबरा आम्ही तसाच सोडला. धागा हलका झाला आणि वर काहीच आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा हात रिकामा राहिल्याचा आनंद झाला.

परतताना गादे दिसले, म्हणजे डॉल्फिन. काकांनी मशीन मंद केली आणि होडी बाजूने नेली, कळपात घातली नाही. मालवणचा हा समुद्र साधा नाही. १९८७ साली इथे सागरी अभयारण्य जाहीर झालं, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहेत. होडीचा नांगर त्यावर पडला तर वर्षानुवर्षांची वाढ एका क्षणात मोडते. जाळ्यात कासव किंवा व्हेल शार्क सापडला तर जाळं कापून सोडणाऱ्या मच्छीमाराला २०१८ पासून शासन नुकसानभरपाई देतं. जाळं हे त्याचं भांडवल असतं, म्हणून ही योजना मोलाची.

आमची त्या दिवसाची कमाई म्हणाल तर दोन तांबोश्या आणि एक पालू. काकींनी केलेलं तिखलं चौघांना पुरून उरलं. पण बसमध्ये मोबाईल काढला तेव्हा ते पाच फोटो समोर आले. चार मी पुसून टाकले. एक ठेवलाय. कुणी रूमवर येऊन म्हणालं, "अरे वा, तू पकडलास?" की मी त्याला ही सगळी गोष्ट सांगतो.

मित्रांनो, समुद्रावर जरूर जा. आपण तिथे दोन दिवसांचे पाहुणे, काकांचं मात्र घर त्याच पाण्यावर चालतं. तेव्हा ते "उद्या आठाक" म्हणाले, तर उद्या आठलाच निघा. आणि "सोड" म्हणाले, तर आधी सोडा. फोटो नंतर!