पाळीव कुत्रा : धन्याचे कर्तव्य व शाळेचे कार्य

खेड्यात राखणीसाठी कुत्रा पाळण्याची चाल जुनी आहे. परंतु पुष्कळदा कुत्र्याला धनी असूनही तो कोणाचाच नसतो. दिवसभर तो गावात हिंडतो, उकिरड्यावर पोट भरतो आणि रात्री अंगणात येऊन पडतो. भाकरीचा तुकडा टाकला की आपले कर्तव्य संपले, असे धन्यास वाटते. या समजुतीचे फळ कित्येकदा शाळेच्या वाटेवरील मुलास भोगावे लागते.

कुत्रे पिसाळते ते अलर्क रोगाने, म्हणजेच रेबीजने. या रोगाचे विषाणू जनावराच्या लाळेतून जखमेत शिरतात व मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे जातात. लक्षणे दिसण्यास बहुधा २ ते ३ महिने लागतात. तेवढ्या अवधीत उपाय होऊ शकतो. लक्षणे दिसू लागल्यावर मात्र रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही.

म्हणून धन्याने पिलू ३ महिन्यांचे होताच त्यास लस टोचून घ्यावी, पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे ती पुन्हा द्यावी व पुढे दरवर्षी टोचावी. नको असलेली पिले रानात सोडून देण्यापेक्षा शस्त्रक्रियेने पैदास थांबविणे हितावह होय. भर उन्हात आखूड साखळीने बांधलेला कुत्रा चिडखोर बनतो. त्यास सावली व स्वच्छ पाणी मिळालेच पाहिजे. जुन्नरसारख्या बिबट्यांच्या वावराच्या भागात अंगणात बांधलेला कुत्रा आयतेच भक्ष्य ठरतो आणि त्याच्या मागाने बिबट्या घरापाशी येतो. अशा ठिकाणी रात्री कुत्र्यास बंदिस्त जागेत ठेवावे.

शिक्षकाचे कार्य याहून नाजूक आहे. कुत्रा चावला तर मूल पुष्कळदा मारापोटी किंवा सुईच्या भीतीपोटी ती गोष्ट लपविते. ‘सांगणाऱ्यास कोणी रागावणार नाही’ असा विश्वास शिक्षकाने मुलांस द्यावा, व पालकांसही तसे बजावावे. पोटात टोचावयाची जुनी लस आता वापरात नाही; हल्लीची लस दंडात टोचतात, हेही सांगावे.

दंश होताच जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी. तीवर मिरचीपूड, चुना वा तेल लावू नये. गंडेदोरे व उतारे यांत वेळ दवडू नये. मुलास त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. ओरखडा लहान असला तरी हयगय करू नये, आणि लसीची एकही मात्रा चुकवू नये. खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिलांजवळील कुत्र्यास छेडू नये, आणि कुत्रा अंगावर आल्यास पळू नये, स्तब्ध उभे राहावे, हे मुलांकडून वर्गात करवून घ्यावे.

वर्गात सांगण्याजोगी एक सत्यकथा आहे. ६ जुलै १८८५ रोजी पॅरिस येथे लुई पाश्चर यांनी पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या जोसेफ मायस्टर या ९ वर्षांच्या मुलास लस देवविली आणि तो मुलगा वाचला. पाश्चर यांची पुण्यतिथी २८ सप्टेंबर ही जागतिक रेबीज दिन म्हणून पाळली जाते. त्या दिवशी शाळेत हा पाठ घ्यावा आणि गावातील किती कुत्र्यांस लस टोचली आहे, याची यादी वरच्या वर्गातील मुलांकडून घरोघरी विचारून करून घ्यावी. ही यादी ग्रामपंचायतीच्या हाती पडली म्हणजे लसीकरणाचे पुढील काम सुकर होईल.