जुन्या ट्रॅक्टरचे ऑइल प्रेशर घसरतेय? इंजिन खोलण्याआधी हे तपासा

सात-आठ हजार तास चाललेला ट्रॅक्टर. रोटाव्हेटर मारून बांधावर उभा केला, इंजिन स्लोवर आले की ऑइलचा लाल लाइट लुकलुकतो. मिस्त्री म्हणतो, इंजिन काढावं लागेल. ऐन पेरणीत हे ऐकले की पोटात गोळा येतो. दरवेळी इंजिनच गेलेले असते असे नाही. पण दुर्लक्ष केले तर काम क्रँकपर्यंत जाते.

प्रेशर का पडते?
पंप चेंबरमधले ऑइल ओढून फिल्टरमार्गे बेअरिंगला पाठवतो. क्रँक आणि बेअरिंग यांच्यात ऑइलचा थर राहतो, म्हणून लोखंड लोखंडाला घासत नाही. बेअरिंग झिजली की फट वाढते, ऑइल निसटते आणि प्रेशर पडते. गरम ऑइल पातळ असते आणि स्लोवर पंपही हळू फिरतो. त्यामुळे दुखणे तिथेच आधी दिसते. सकाळी थंड इंजिनवरचा काटा बघून खूश होऊ नका.

क्रमाने काय बघायचे?
1. सपाट जागेवर इंजिन बंद करून दहा मिनिटांनी ऑइलची पट्टी बघा. कमी असेल तर आधी भरा आणि गळती शोधा.
2. ऑइल न टाकता पातळी वाढलीय? वास घ्या. डिझेलचा वास आला तर फीड पंप, नोझल किंवा डिझेल पंपाच्या सीलमधून डिझेल उतरत असेल. ऑइल दुधाळ दिसले तर पाणी शिरलेय. दोन्हीत ट्रॅक्टर चालवू नका.
3. डॅशबोर्डचा काटा किंवा सेन्सरही खोटे बोलतो. मिस्त्रीला साधे मेकॅनिकल गेज लावायला सांगा. गरम इंजिनवर, स्लो आणि फुल रेस, दोन्हीचे आकडे कंपनीच्या पुस्तकाशी ताडून बघा. गेजवर पौंडात आकडा असेल तर साधारण 14 पौंड म्हणजे 1 किलो.
4. ऑइल आणि फिल्टर पुस्तकात दिलेल्या तासांना, दिलेल्या ग्रेडचेच टाका. ऑइल बदलताना फिल्टरही बदला.
5. एवढे करूनही फरक नाही? मग चेंबर उतरवून जाळी, पंप, रिलीफ व्हॉल्व्ह आणि शेवटी बेअरिंग बघायची.

जाड ऑइल टाकून काटा वर येतो, पण झीज भरून निघत नाही. उलट थंडीत चालू करताना ते बेअरिंगपर्यंत उशिरा पोचते. रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वॉशर टाकणे हाही तसाच तात्पुरता इलाज.

सर्वात महत्त्वाचे, चालू कामात लाल लाइट पेटून राहिला किंवा खालून ठोक्याचा आवाज आला तर जागेवर इंजिन बंद करा. 'घरापर्यंत तर नेऊ' म्हणू नका, ओढून आणा. वेळेत बेअरिंग बदलली तर कमी खर्चात भागू शकते. क्रँकला ओरखडे पडले की तो घासायला न्यावा लागतो, आणि तोवर पेरणीची वाफ निघून जाते.