बर्फावर घसरलात, कटरने कापले: नवशिक्यांच्या हाताच्या दुखापती

थंडीत नवे काहीतरी करून बघायची हौस सगळ्यांनाच येते. आपल्या खालापूर-कर्जत पट्ट्यात बर्फ पडत नाही, पण खोपोलीजवळ इमॅजिकामध्ये बर्फाचे पार्क आहे, आणि नाताळच्या सुट्टीत मनाली, गुलमर्ग किंवा औलीला जाणारी कुटुंबेही आता कमी नाहीत. जे कुठे जात नाहीत ते घरी काही करतात. कुणी दिवाळीपासून कागदाचे कंदील करते, कुणी संक्रांतीसाठी हलव्याचे दागिने, कुणी मोबाईलवर बघून क्रोशा शिकते.

या दोन छंदांचा एकमेकांशी संबंध नाही. तरी दोन्हींत नवशिक्याला इजा होते ती बहुतेक वेळा हातालाच. बर्फावर पाय सटकला की माणूस हात टेकून सावरतो आणि सगळे वजन मनगटावर येते. कलाकुसरीत एक हात वस्तू धरतो, दुसरा पाते चालवतो, आणि पाते सटकले की ते धरणाऱ्या हातात जाते. सराव झालेला माणूस या दोन्ही गोष्टी टाळायला शिकलेला असतो. नवा माणूस शिकेपर्यंत दुखापत करून घेतो.

बहुतेक दुखापती आठवड्याभरात बऱ्या होतात. प्रश्न थोड्यांचा आहे. त्या सुरुवातीला अगदी किरकोळ दिसतात, 'मुका मार आहे, उतरेल' म्हणून सोडल्या जातात, आणि महिन्यांनी त्या हाताने बाटलीचे झाकण उघडता येत नाही तेव्हा रुग्ण येतो. हा लेख मुख्यतः त्यांच्याबद्दल आहे.

हात टेकून पडल्यावर

पडल्यावर मनगट वाकडे दिसत असेल तर कोणी घरी थांबत नाही. वृत्तपत्राची जाड गुंडाळी किंवा पुठ्ठा हाताखाली धरून ओढणीने सैल बांधा, हात छातीशी झोळीत ठेवा आणि रुग्णालय गाठा. वाकडे झालेले हाड ओढून सरळ करू नका आणि कुणाला करूही देऊ नका.

त्याआधी एक काम मात्र लगेच करा. त्या हातातल्या अंगठ्या आणि बांगड्या काढा. सूज अर्ध्या-पाऊण तासात चढते आणि मग अंगठी बोटाला फास लावल्यासारखी बसते. साबण किंवा तेल लावून फिरवत काढा. निघाली नाही तर रुग्णालयात ती कापावी लागेल. 'लग्नातली आहे, कापू नका' हा आग्रह मी समजू शकतो, पण बोट निळे-पांढरे पडत असेल तर वाट बघण्यात अर्थ नाही.

खरी फसगत होते ती मनगट सरळ दिसते तेव्हा. अंगठा वर उचला, 'मस्त' म्हणताना दाखवतो तसा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला दोन दोऱ्या ताठ होतात आणि त्यांच्यामध्ये एक खळगा दिसतो. त्या खळग्याच्या तळाशी स्कॅफॉईड नावाचे होडीच्या आकाराचे छोटे हाड असते. हात टेकून पडलेल्या तरुण माणसाचे हे हाड मोडले असेल तर बाहेरून फारसे काही दिसत नाही. सूज थोडी असते, बोटे हलतात, मोटारसायकलसुद्धा चालवता येते. पण त्या खळग्यात बोटाने दाबले की नेमके तिथे दुखते. दोन्ही हातांचे खळगे दाबून तुलना करा, कारण जोरात दाबले तर चांगल्या हातालाही थोडे लागतेच.

या हाडाची अडचण त्याच्या रक्तपुरवठ्यात आहे. रक्त बोटांकडच्या टोकातून आत शिरते आणि उलटे मनगटाकडे जाते. हाड मधे तुटले की मनगटाकडच्या तुकड्याचे रक्त कमी पडते. आधार न मिळता हात वापरत राहिलो तर ते हाड जुळत नाही, कधी तो तुकडा निर्जीव होतो, आणि काही वर्षांत मनगटाचा सांधा झिजतो. पंचविशीतल्या माणसाला ही झीज आयुष्यभर सांभाळावी लागते.

दुसरी फसगत एक्स-रेची. पहिल्या दिवसाच्या एक्स-रेमध्ये हा तडा पुष्कळदा दिसतच नाही. म्हणून खळग्यात दुखत असेल तर एक्स-रे 'नॉर्मल' असूनही डॉक्टर अंगठ्यासकट स्प्लिंट किंवा प्लास्टर बांधतात आणि १० ते १४ दिवसांनी पुन्हा बोलावतात. तोपर्यंत तड्याच्या कडा थोड्या विरघळतात आणि तो एक्स-रेवर उमटतो. काही वेळा लगेच एमआरआय किंवा सीटी स्कॅन केले जाते. घरच्यांना वाटते, रिपोर्ट चांगला आहे तर प्लास्टर कशाला, डॉक्टर उगाच घाबरवतात. माझे सांगणे एवढेच की ती दुसरी तारीख चुकवू नका. दुखणे थांबले असले तरी जा. काहीच न निघाल्यास दोन आठवडे गैरसोय झाली इतकेच. निघाल्यास साधारण सहा ते बारा आठवडे प्लास्टर, आणि तुकडे सरकले असतील तर छोटा स्क्रू.

पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये त्याच पडण्याने बहुधा मनगटाच्या वरचे मोठे हाड मोडते. ते लगेच कळते आणि उपचारही होतात, पण नंतरचा एक प्रश्न विचारायचा राहून जातो. उभ्या उंचीवरून साधे पडून हाड मोडले, तर हाडे ठिसूळ झाली आहेत का? प्लास्टर निघाल्यावर हाडांच्या घनतेच्या डेक्सा तपासणीबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा. पुढचे पडणे खुब्यावर असू शकते.

लहान मुलांची हाडे लवचिक असतात. ती कोवळ्या फांदीसारखी वाकतात किंवा एका बाजूने चेपतात. मूल हात हलवते म्हणजे मोडले नाही, असे धरू नका. दुसऱ्या दिवशीही ते हात वापरायचे टाळत असेल तर एक्स-रे काढा.

हे सगळे बर्फावर पडण्याबद्दल लिहिले, पण हाडाला बर्फ आणि शेवाळ यांतला फरक कळत नाही. भिवपुरीच्या धबधब्यावर किंवा न्हाणीघरात घसरलेल्यालाही हेच लागू आहे.

स्कीची काठी आणि अंगठा

स्कीइंग शिकणाऱ्याच्या दोन्ही हातांत काठ्या असतात. पडताना घाबरून तो त्या घट्ट धरून ठेवतो. जमिनीवर आपटताना काठीचा दांडा अंगठ्याला तर्जनीपासून बाहेर ढकलतो आणि अंगठ्याच्या मधल्या पेराखालच्या सांध्याचे आतल्या बाजूचे लिगामेंट फाटते. या दुखापतीचे नावच 'स्कीअरचा अंगठा' असे पडले आहे. स्कूटरचे हँडल धरून पडलेल्यालाही ती होते.

ओळखायची खूण अशी: चिमटीत किल्ली धरून फिरवताना जोर लागत नाही, अंगठा लुळा वाटतो. अर्धवट फाटलेले लिगामेंट स्प्लिंटमध्ये भरून येते. पूर्ण फाटल्यास काही वेळा त्याचे टोक शेजारच्या स्नायूच्या पडद्यावर जाऊन बसते आणि मग कितीही विश्रांती घेतली तरी ते आपल्या जागी चिकटत नाही. तिथे शस्त्रक्रियाच लागते, आणि ती पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सोपी जाते. सहलीहून परतल्यावर अंगठा सैल वाटत असेल तर 'बघू पुढच्या महिन्यात' करू नका.

काठीच्या पट्ट्यात मनगट अडकवावे का, हे प्रशिक्षकाला विचारा. नवशिक्याने ते मोकळे ठेवावे आणि तोल जाताच काठी सोडून द्यावी, हे बरे. पडायचेच झाले तर हात न टेकता एका कुशीवर, कुल्ल्यावर बसल्यासारखे पडायचे असते. मनालीच्या पर्वतारोहण संस्थेसारख्या ठिकाणी नीट अभ्यासक्रम करणाऱ्यांना हे शिकवले जाते. दोन तासांसाठी स्की भाड्याने घेणाऱ्याला ते कुणी सांगत नाही. स्नोबोर्ड घेणार असाल तर मनगटाचे गार्ड जरूर बांधा. आणि गुडघ्यात 'कट्' आवाज होऊन काही तासांत तो सुजला, तर त्या पायावर पुन्हा उतारावर जाऊ नका.

थंडीबद्दल थोडक्यात. बर्फाच्या पार्कात ओले मोजे-हातमोजे घालून राहू नका. बोटे पांढरी, बधिर झाली तर बाहेर येऊन ओले कपडे काढा आणि काखेत किंवा कोमट पाण्यात बोटे ऊबवा. बर्फाने चोळू नका, शेगडीवर धरू नका, बधिर बोटाला भाजलेले कळत नाही. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी असलेल्यांनी ही काळजी दुप्पट घ्यावी. दम्याच्या रुग्णांनी पंप खिशात ठेवावा.

कटर, सुई, पाक आणि गोंद

कंदिलाचा पुठ्ठा कापताना बसलेला वार लहान पण खोल असतो. स्वच्छ कापडाने दहा मिनिटे सलग दाबून धरा, मधे उघडून बघू नका. रक्त थांबल्यावर नळाच्या पाण्याने धुवा. हळद, चुना, कॉफी भरू नका. ते नंतर खरवडून काढावे लागते आणि आत काय कापले आहे हे दिसत नाही.

मग दोन गोष्टी तपासा. बोटाचे प्रत्येक पेर वेगवेगळे वाकवता आणि सरळ करता येते का? आणि जखमेपुढे बोटाच्या दोन्ही बाजूंना स्पर्श सारखा कळतो का? एखादे पेर वाकत नसेल तर स्नायूची दोरी, म्हणजे टेंडन, कापली गेली आहे. एक बाजू बधिर असेल तर नस. वरची कातडी टाक्यांशिवायही जुळेल, पण टेंडन आपोआप जुळत नाही, कारण त्याची टोके आत ओढली जातात. अशा वेळी त्याच दिवशी दाखवा. धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटचे कधी घेतले हे आठवून सांगा. जखम मळकी असेल आणि पाच वर्षे उलटली असतील तर ते पुन्हा लागते.

शिलाई मशीनची सुई बोटात तुटली तर एक्स-रे काढावा लागतो. क्रोशाची आकडी आत रुतली तर मागे ओढू नका, तिचा आकडा मांस फाडत येतो. तशीच ठेवून डॉक्टरांकडे जा. आणि टोचल्यावर एक-दोन दिवसांत आख्खे बोट सुजले, थोडे वाकलेलेच राहू लागले आणि सरळ करताना कळ येऊ लागली, तर टेंडनच्या नळीत पू होत असण्याची शक्यता असते. त्यात रात्रसुद्धा घालवू नये.

हलवा करताना साखरेचा पाक मंद आचेवर बोटांनी हलवत राहायचा असतो, काटे येईपर्यंत. सवयीच्या बोटांना ते जमते. पाक आणि ग्लू-गनचा वितळलेला गोंद, दोन्ही कातडीला चिकटून भाजत राहतात. गोंद ओढून काढू नका, कातडी सोबत येते. तो तसाच असताना बोट वाहत्या साध्या पाण्याखाली धरा, वीस मिनिटे घड्याळ लावून. बर्फ नको, टूथपेस्ट नको, फोड फोडणे नको.

इन्स्टंट ग्लू, ज्याला आपण सरसकट फेव्हिक्विक म्हणतो, बोटांना चिकटला तर कोमट साबणाच्या पाण्यात बोटे बुडवून हलके गोल फिरवत सोडवा. तो सुती कपड्यावर किंवा कापसावर सांडला तर गरम होतो, इतका की खालची कातडी भाजते. म्हणून तो कापसाने पुसू नका. डोळ्यात गेला तर पाण्याने धुऊन नेत्रतज्ज्ञ गाठा, आणि पापण्या चिकटल्या असतील तर जोराने उघडू नका. नेलपॉलिश काढायचे द्रव डोळ्याजवळ नेऊ नका.

क्रोशाचे मनगट

ही दुखापत हळूहळू होते. नव्या माणसाची पकड फार घट्ट असते, आणि आठवड्यात मफलर संपवायचाच असतो. मग अंगठ्याच्या बाजूचे मनगट दुखू लागते. अंगठा मुठीत घेऊन मनगट हलकेच करंगळीकडे वाकवा. तिथे सणकन कळ आली तर त्या टेंडनभोवतीचे आवरण सुजलेले असते. बाळाला सतत उचलणाऱ्या आयांनाही हे होते. अंगठ्याला आधार देणारा पट्टा आणि तीन-चार आठवडे काम कमी, यावर बहुतेकांचे भागते. नाही भागले तर तिथे दिलेले एक इंजेक्शन चांगले काम करते. चोळून घेऊ नका, त्याने सूज वाढते.

कुठे जायचे, आणि घरी आल्यावर

कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे. खोपोली-खालापूरकडचे लोक बरेचदा पनवेलला जातात. निघण्याआधी फोन करून एक्स-रे चालू आहे का आणि अस्थिरोगतज्ज्ञ आहेत का, एवढे विचारा, फेरी वाचते. गंभीर इजेसाठी १०८. हाडवैद्याकडे जायचे असेल त्यांनाही मी एकच विनंती करतो: आधी एक्स-रे काढा, आणि कामट्यांची बांधणी आवळून घेऊ नका.

प्लास्टर असो की बांधणी, पहिले दोन दिवस हात उशीवर, हृदयापेक्षा उंच ठेवा आणि बोटे तासातासाला हलवत राहा. वेदनेसाठी बहुतेकांना पॅरासिटामॉल पुरते. मूत्रपिंडाचा त्रास, अल्सर किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर दुसरी वेदनाशामके विचारल्याशिवाय घेऊ नका. बोटांना मुंग्या येऊ लागल्या, ती थंड किंवा निळसर पडली, अथवा गोळी घेऊनही वेदना वाढतच गेल्या, तर सकाळची वाट न बघता रात्रीच प्लास्टर कापून घ्या.