चौशिंगा आणि स्टॅफिलिनस : नाम व लक्षण

वनातील कुरंग आणि पालापाचोळ्यातील भुंगेरा यांची तुलना प्राणिशास्त्रज्ञास निष्फळ वाटेल. नामकरणाच्या अभ्यासकास मात्र ती उद्बोधक आहे.

पानझडी जंगलात राहणाऱ्या चौशिंग्याचे नाव पारदर्शक आहे. त्याच्या 'टेट्रासेरस क्वाड्रिकॉर्निस' या शास्त्रीय नावात तर 'चार शिंगांचा' हा अर्थ एकदा ग्रीकमध्ये व पुन्हा लॅटिनमध्ये आला आहे. ही द्विरुक्ती हेतुपूर्वक झालेली नाही. जातिवाचक पद ब्लँव्हिल यांनी 1816 मध्ये दिले. प्रजातीचे नाव लीच यांनी 1825 मध्ये योजले. तथापि शिंगे केवळ नरास असतात; पुढील जोडी कित्येकदा नाममात्रच असते. मादी बिनशिंगी असूनही चौशिंगाच होय. अर्थात नाव लक्षण सुचविते. व्याख्या करीत नाही.

'स्टॅफिलिनस' हे नाव याच्या उलट अपारदर्शक आहे. मूळ ग्रीक शब्द गाजरवर्गीय वनस्पतीस व एका कीटकासही लावीत. ॲरिस्टॉटलला कोणता कीटक अभिप्रेत होता, हे निश्चित नाही. लिनियसने 1758 मध्ये तो शब्द एका प्रजातीस दिला. पुढे त्यावरूनच कुलाचे नाव सिद्ध झाले. आज या कुलात 60,000 हून अधिक जाती गणल्या जातात. व्युत्पत्ती संदिग्ध असली, तरी संकेत निश्चित असल्याने व्यवहार अडत नाही.

मग मराठीत यांस 'आखूडपंखी भुंगेरे' म्हणावे काय? आखूड असतात ते पुढचे कठीण आवरणपंख. उडण्याचे मागचे पंख लांब असून त्यांखाली घडी घालून ठेवलेले असतात. म्हणून 'आखूड-आवरणी' हे पद अधिक यथार्थ ठरेल.

हा प्रश्न केवळ शब्दांचा नाही. याच कुलातील 'पीडेरस' प्रजातीचे काही भुंगेरे रात्री दिव्याकडे येतात. ते अंगावर चिरडले गेल्यास शरीरातील पेडेरिन या द्रव्यामुळे त्वचेवर दाह होऊन फोड येतात. ज्यास वेगळे नाव नाही, तो 'कसलासा किडा' ठरतो आणि 'किडा चावला' असे निदान होते. वस्तुतः दंश झालेलाच नसतो. किडा न चिरडता फुंकरीने उडवावा, हा साधा उपाय त्यामुळे सुचत नाही.

परिभाषा घडविणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे : पारदर्शक नाव स्मरणास साहाय्य करते, परंतु वस्तूच्या निरीक्षणाची जागा घेऊ शकत नाही, आणि नावच नसेल, तर निरीक्षणास आरंभही होत नाही.