परप्रांतीच्या घातक कचऱ्याची वाट आणि आपले शिवार

वर्धा जिल्ह्यात पुलगावजवळ, सोनेगावच्या माळावर, दिनांक २० नोव्हेंबर २०१८ रोजी सकाळी मोठा स्फोट झाला. सहा माणसे दगावली व अनेक जखमी झाली. नष्ट करावयाचा दारूगोळा तेथे उतरविण्याचे काम चालू होते. तो माल जबलपूरनजीकच्या खमरिया येथील आयुधनिर्माणीकडून आलेला होता. उतरविणारी माणसे मात्र बहुतांशी आसपासच्या खेड्यांतील रोजंदार होती.

दारूगोळ्याच्या विल्हेवाटीचा कारभार संरक्षण खात्याचा आहे आणि त्याची चर्चा येथे करावयाची नाही. परंतु त्या घटनेने एक प्रश्न वर्धेकरांच्या दारात आणून ठेवला. एका प्रांतात निर्माण झालेली घातक वस्तू दुसऱ्या प्रांतात नेऊन संपवावयाची असेल, तर ती कोणाच्या परवानगीने, कोणत्या वाटेने व कोणाच्या जबाबदारीवर न्यावी? कारखान्याचा गाळ, वापरलेले तेल, खनिज तेल व वायू यांच्या विहिरींतून निघणारे खारे पाणी, या सर्वांना हाच प्रश्न लागू आहे.

यांपैकी शेवटच्या प्रकाराचा अनुभव अमेरिकेने विपुल घेतला आहे. खोल खडकात अडकलेला वायू मोकळा करण्यासाठी तेथे पाणी, वाळू व रसायने यांचे मिश्रण प्रचंड दाबाने विहिरीत सोडून खडक फोडतात. पेन्सिल्व्हेनिया राज्यात अशा एका विहिरीस कोट्यवधी लिटर पाणी लागते. त्यातील काही भाग परत वर येतो आणि येताना खडकातील क्षार बरोबर आणतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. या पाण्यात कित्येक ठिकाणी ते १०० ग्रॅमपेक्षाही अधिक आढळतात. शिवाय बेरियम, स्ट्रॉन्शियम आणि किरणोत्सर्गी रेडियम ही त्यात असतात, ती निराळीच.

पेन्सिल्व्हेनियात हे पाणी भूगर्भात जिरविण्याजोग्या विहिरी फार थोड्या. यास्तव टँकर शेजारच्या ओहायो राज्यात जाऊ लागले. तेथील यंग्सटाऊन गावी अशा एका विहिरीत डिसेंबर २०१० पासून पाणी सोडण्यास प्रारंभ झाला. जेथे पूर्वी भूकंपाची नोंद नव्हती तेथे २०११ साली लहान धक्के बसू लागले व वर्षाच्या अखेरच्या दिवशी, ३१ डिसेंबर रोजी, सुमारे ४ तीव्रतेचा धक्का बसला. ती विहीर बंद करण्यात आली. पुढे जानेवारी २०१३ मध्ये त्याच गावात एका कंपनीच्या मालकाने विहिरींचा कचरा रात्रीच्या वेळी पावसाळी गटारात सोडविला व तो नदीस जाऊन मिळाला. त्याला २०१४ साली २८ महिन्यांच्या कारावासाची शिक्षा झाली.

ओहायोने परप्रांताचा कचरा सरळ नाकारला का नाही, असे कोणी विचारील. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली न्यू जर्सी राज्याच्या प्रकरणात असा निर्णय दिला की, कचरा हाही व्यापाराचाच विषय होय आणि केवळ बाहेरचा म्हणून कोणत्याही राज्यास तो अडविता येणार नाही. ओहायोने मग शुल्काचा मार्ग धरला. जवळच्या पाण्यास पिंपामागे ५ सेंट तर दूरच्या पाण्यास २० सेंट. एवढ्याने टँकर थांबले नाहीत, हे सांगणे नको. त्यातही मौज अशी की, तेलविहिरींच्या कचऱ्यास 'घातक' या वर्गातून वगळण्याचा निर्णय अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने १९८८ सालीच घेतला होता. नाव बदलले की नियम बदलतात, पाण्याचा गुणधर्म मात्र बदलत नाही.

वर्धा जिल्ह्यात वायूच्या अशा विहिरी नाहीत. येथील काळ्या मातीखाली बेसाल्टचा खडक आहे. भारतात ही पद्धत प्रामुख्याने पश्चिम बंगालातील राणीगंज, शेजारच्या मध्य प्रदेशातील शहडोलकडील सोहागपूर आणि राजस्थानातील बाडमेर या भागांत वापरली गेली आहे. तेथील कचरा इकडे येतो असे सुचविण्याचा हेतू नाही. तथापि नागपूर-वर्धा मार्गावरील बुटीबोरी येथे घातक कचऱ्यावर प्रक्रिया करून तो पुरण्याची सामाईक सुविधा आहे. महाराष्ट्रात तळोजे, महापे व रांजणगाव येथे अशाच सुविधा असून विदर्भाचा भार बुटीबोरीवर आहे. कचरा वाहणारी वाहने म्हणूनच आपल्या परिसरास नवीन नाहीत. ती नियमाने चालली तर भिण्याचे कारण नाही. उलट अशी सुविधा नसती तर तोच माल नाल्यात गेला असता.

हे नियम केंद्र सरकारने प्रथम १९८९ साली केले. सध्या २०१६ चे नियम लागू आहेत. तेल व नैसर्गिक वायूच्या उत्पादनातील तेलकट गाळ आणि तेल असलेला खोदाईचा चिखल त्यांच्या पहिल्याच परिशिष्टात घातक म्हणून नोंदविलेले आहेत. अंतिम विल्हेवाटीसाठी कचरा दुसऱ्या राज्यात न्यावयाचा असल्यास पाठविणाऱ्याने दोन्ही राज्यांच्या प्रदूषण नियंत्रण मंडळांचे ना-हरकत प्रमाणपत्र घेतले पाहिजे. पुनर्वापरासाठी नेत असल्यास दोन्ही मंडळांस आगाऊ कळविणे पुरते. वाटेत तिसरे राज्य लागत असेल तर त्या राज्याच्या मंडळासही सूचना द्यावी लागते. अमेरिकेतील राज्यांस जे साधले नाही ते आपल्या नियमांत आहे, ही समाधानाची गोष्ट होय.

गावपातळीवरील कार्यकर्त्याने यातील एक कागद विशेष ओळखून ठेवावा. नियमांतील नमुना क्रमांक १० म्हणजे कचऱ्याचे वाहतूक-पत्रक. त्याच्या सात प्रती निरनिराळ्या रंगांच्या असतात. पांढरी प्रत पाठविणारा मंडळाकडे धाडतो व पिवळी स्वतःजवळ ठेवतो. उरलेल्या पाच वाहनाबरोबर निघतात. माल पोहोचल्यावर गुलाबी प्रत घेणाऱ्याकडे राहते, नारिंगी वाहतूकदारास मिळते, हिरवी मंडळाकडे व निळी पाठविणाऱ्याकडे परत जाते. सातवी, करड्या रंगाची, माल परराज्यातील असेल तेव्हा त्या राज्याच्या मंडळाकडे जाते. म्हणजे निघालेला माल पोहोचला की वाटेतच गडप झाला, हे दोन्ही टोकांस कळावे अशी ही योजना आहे. वाटेत टँकर रिकामा झाला तर निळी व करडी प्रत परत जाऊच शकत नाही. अट एवढीच की, त्या प्रतींची वाट कोणीतरी पाहत असला पाहिजे.

याखेरीज अपघात झाल्यास काय करावे याचे आणीबाणी-पत्रक चालकाजवळ असावे लागते, आणि पिंपांवर 'घातक कचरा' ही अक्षरे हिंदी, इंग्रजी व स्थानिक भाषेत लाल रंगात लिहिलेली असावी लागतात.

एक फट मात्र ध्यानात घ्यावी. जल कायदा, १९७४ याखाली येणारे सांडपाणी २०१६ च्या नियमांतून वगळलेले आहे. तोच द्रव कोणी 'गाळ' म्हटला तर सात प्रतींचे पत्रक, आणि 'पाणी' म्हटला तर निराळा कायदा. नावाच्या या खेळास महाराष्ट्र अपरिचित नाही. न्हावाशेवा बंदरात वंगणतेल म्हणून आयात झालेले १३३ कंटेनर प्रत्यक्षात टाकाऊ तेलाचे निघाले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००५ मध्ये ते तेल आयातदारांच्या खर्चाने जाळून नष्ट करण्याचा आदेश दिला. शेतकऱ्याने यावरून एवढे घ्यावे की, टँकरवाला 'साधे पाणी आहे', 'खत आहे', 'भरणाची माती आहे' असे म्हणतो म्हणून ते तसे असतेच असे नाही.

ही फट शेतकऱ्याच्या गळ्याशी येते ती अशी. जल कायद्याच्या कलम २४ अन्वये विषारी अगर दूषित पदार्थ नदीत, विहिरीत वा जमिनीवर जाणूनबुजून सोडणे जितके निषिद्ध आहे, तितकेच तो सोडू देणेही निषिद्ध आहे. पडीक विहिरीत किंवा मुरमाच्या जुन्या खाणीत दोन टँकर रिते करू देण्याबद्दल चार पैसे हाती पडतील, पण तो शेतकरी त्याच क्षणी स्वतः कायद्याच्या कचाट्यात सापडतो. टँकर निघून जातो; सात-बारा तेथेच राहतो.

आणि जमिनीचे काय होते? हिशेब सोपा आहे. लिटरला १०० ग्रॅम क्षार असलेल्या पाण्याचा १० हजार लिटरचा एक टँकर म्हणजे १० क्विंटल मीठ. एवढे मीठ एकाच वावरात ओतले गेले तर वर्धेच्या भारी काळ्या जमिनीची गत काय होईल, हे अकोला-अमरावतीकडील पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातील शेतकऱ्यास विचारावे. तेथे हे संकट निसर्गाने हळूहळू आणले. मातीच्या कणांस चिकटलेल्या सोडियमचे प्रमाण १५ टक्क्यांवर गेले की जमीन चोपण समजावी, असा जुना दंडक आहे; पूर्णा खोऱ्यातील अभ्यासांत मात्र भारी काळ्या जमिनीचा निचरा ५ टक्क्यांच्या आसपासच बिघडू लागल्याचे आढळले आहे.

यात एक फसवी गोष्ट आहे. खारे पाणी पडल्यावर प्रथम माती मोकळी व भुसभुशीत दिसते, कारण भरपूर क्षारांमुळे चिकणमातीचे कण एकत्र गोळा होऊन राहतात. शेतकऱ्यास वाटते, काही बिघडले नाही. पुढे मृगाचा पाऊस येतो, मोकळे क्षार धुऊन जातात आणि कणांस धरून बसलेला सोडियम तेवढा मागे राहतो. मग माती विरघळल्यासारखी होते, रंध्रे बुजतात, पाणी वर साचते, वाफसा येत नाही आणि वाळल्यावर ढेकूळ दगडासारखे होते. कपाशीची उगवण विरळ होते, तूर पिवळी पडून मरते. तोवर सहा महिने लोटलेले असतात आणि टँकरचा क्रमांक कोणास आठवत नाही.

यास्तव क्रमांक त्याच रात्री टिपून ठेवावा. वाहन, वेळ व जागा यांची नोंद पोलीस पाटलाकडे करावी, ग्रामपंचायत अधिकारी व तलाठी यांजकरवी पंचनामा करवून घ्यावा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळास लेखी कळवावे. अपघाताने टँकर उलटला असल्यास ११२ क्रमांकावर कळवून माणसे व जनावरे वाऱ्याच्या उलट बाजूस दूर ठेवावीत. पिंपे उघडून पाहू नयेत, भंगारासाठी घरी तर मुळीच नेऊ नयेत. द्रव नाल्याकडे वाहत असेल तर अनुभवी माणसांनी लांबूनच मातीचा बांध घालून तो अडवावा. वणा, धाम अगर यशोदा यांच्या काठी हे काम प्रथम करावयाचे, कारण खाली गावे तेच पाणी पितात.

त्या विहिरीचे ओलीत तपासणी होईपर्यंत बंद ठेवावे. द्रव काय आहे हे मंडळाकडून कळल्याखेरीज नमुन्यास हात लावू नये. तो केवळ क्षारयुक्त असल्याचे निष्पन्न झाल्यावर ० ते १५, १५ ते ३० आणि ३० ते ६० सेंटिमीटर अशा तीन थरांचे नमुने निरनिराळ्या पिशव्यांत घ्यावेत, आणि धुऱ्यापलीकडील चांगल्या जमिनीचा एक नमुना तुलनेसाठी जोडावा. माती तपासणीसाठी सेलसुरा येथील कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा. अर्जात सामू व क्षारता यांबरोबर विनिमययोग्य सोडियमची तपासणी आवर्जून मागावी. केवळ सामू पाहून अशी जमीन ओळखता येत नाही.

अहवालानुसार जिप्सम द्यावयाचे ठरल्यास ते पावसाळ्यापूर्वी वखराच्या पाळीने वरच्या थरात मिसळावे व शेताच्या उताराकडे निचऱ्याचा चर आधी खणून घ्यावा. चर नसेल तर सुटलेला सोडियम तेथेच घुटमळतो आणि जिप्समचा खर्च वाया जातो. द्रवात तेल किंवा जड धातू निघाले तर जिप्समचा उपयोग नाही. ती माती उचलून नेण्याचा खर्च टाकणाऱ्याकडून वसूल व्हावयाचा असतो, आणि त्यासाठी टँकरचा क्रमांक व पंचनामा लागतो.